आळंदी ते पंढरपूर : नकाशावर चालणाऱ्या रेषेच्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यावरील चाळीस मिनिटांच्या माहितीपटाचे संकलन आजपासून माझ्या टेबलावर आले. चित्रीकरण १९ जूनला आळंदीच्या प्रस्थानापासून सुरू होऊन ६ जुलैच्या आषाढी एकादशीला संपले. पहिले काम मी नकाशाचे हाती घेतले आहे, कारण निवेदनाची लांबी, गावांची नावे कोठे यावीत आणि प्रत्येक मुक्कामाची दृश्ये किती वेळ दिसावीत हे सारे त्या नकाशावर अवलंबून आहे. साधारण अडीचशे किलोमीटरची वाट प्रेक्षकाला एका दृष्टिक्षेपात कळावी आणि तरीही ती पायी चाललेली वाट आहे हे डोळ्यांना जाणवावे, एवढी या रेषेकडून अपेक्षा आहे.

दिग्दर्शक ताईंना दाखवण्यापुरता मी आज एक कच्चा नमुना केला. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत रेषा काढली, आफ्टर इफेक्ट्स या चलचित्रे बनवण्याच्या प्रणालीत तिला ट्रिम पाथ्स (रेषेचा किती भाग दिसावा हे ठरवणारी सोय) लावले आणि त्यातले ‘एंड’ हे मूल्य आठ सेकंदांत शून्यावरून शंभरावर नेले. दोन कीफ्रेमांत, म्हणजे ठरावीक क्षणाचे मूल्य बांधून देणाऱ्या दोन खुणांत, काम झाले, पण जे दिसले ते विमान कंपनीच्या जाहिरातीसारखे होते. रेषा पुण्यावरून, सासवडवरून, जेजुरीवरून सारख्याच वेगाने सरकत गेली आणि कोठे थांबलीच नाही. ज्या सोहळ्याचा अर्धा जीव मुक्कामांत आहे, त्याच्या नकाशात मुक्काम दिसू नये हे मला पटले नाही. नमुना ताईंना पाठवला, आणि तो वापरायचा नाही असेही सोबत कळवले.

१६ जुलै २०२५

मार्ग कोठून घ्यायचा, यावर आजचा पूर्ण दिवस गेला. मार्ग शोधून देणाऱ्या एका सेवेत आळंदी आणि पंढरपूर ही दोन नावे टाकली, तर तिने मोटारीसाठी सर्वांत जलद असलेला रस्ता दिला आणि त्यात पालखीच्या वाटेवरची निम्मी गावे गळाली. मुक्कामाची गावे एकामागून एक दिल्यावर रेषा मार्गावर आली खरी, परंतु अनेक ठिकाणी ती गावाला वळसा घालून जाऊ लागली. आळंदी–पंढरपूर पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आणि रुंद झालेला रस्ता काही ठिकाणी गावाबाहेरून काढलेला आहे. पालखी मात्र गावातून जाते, कारण गावकरी दर्शनासाठी तेथे उभे असतात. मोटारीची वाट पालखीची म्हणून दाखवणे म्हणजे नकाशाने खोटे बोलणे होय.

सुदैवाने आमचा ध्वनिमुद्रण सहकारी दिंडीबरोबर चालला होता आणि त्याच्या फोनमध्ये रोजच्या वाटेची नोंद सुरू होती. त्याने दिलेल्या चौदा फाइली मी क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रणालीत उघडल्या. चालण्याचे दिवस चौदाच आहेत, कारण पुण्यात आणि सासवडला पालखी दोन-दोन रात्री राहते. उघडताच दिसले ते असे की, चालतानाची रेषा बऱ्यापैकी स्वच्छ आहे, पण जेथे माणूस थांबला तेथे तिचा लोकरीच्या गुंड्यासारखा गुंता झाला आहे. दुपारच्या विसाव्यात तो पाण्याच्या टँकरकडे गेला, परत आला, पंगतीला बसला, आणि बसल्या जागीही उपग्रहाचा संकेत इकडेतिकडे डोलत राहिला. पुण्याच्या पेठांत तर उंच इमारतींवरून परतलेल्या संकेतांमुळे रेषा घरांच्या छपरांवरून उड्या मारते आहे. बरड ते नातेपुते या टप्प्यात फोन बंद पडला असावा, कारण मध्ये एक सरळ रेघ शेतांवरून गेलेली आहे.

ठरवले ते असे : या नोंदीवरून फक्त कोणत्या रस्त्याने गेले हे पाहायचे, आणि अंतिम रेषा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या रस्त्यांवरून हाताने काढायची. बरड–नातेपुते टप्प्यासाठी त्या दिवशीच्या चित्रफितींतील पाट्या आणि पूल पाहून रस्ता निश्चित केला.

१८ जुलै २०२५

रेषा पूर्ण झाली. लांबी मोजताना एक गोष्ट लक्षात आली, ती येथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी मीच ती विसरेन. नकाशाच्या सपाट प्रतलावर मोजली तर लांबी २६४ किलोमीटर येते आणि पृथ्वीचा आकार धरून मोजली तर २५१. इंटरनेटवरील बहुतेक नकाशे ज्या मर्केटर प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या एका पद्धतीत) असतात त्यात आपल्या अक्षांशावर प्रत्येक अंतर साधारण पाच टक्के फुगते, म्हणून हा फरक पडतो. निवेदनात ‘सुमारे अडीचशे किलोमीटर’ असेच राहील.

टप्पानिहाय अंतरेही काढली. आळंदी ते पुणे २९ आणि पुणे ते सासवड ३२. हा दुसरा टप्पा सर्वांत लांब आहे आणि त्यातच दिवे घाट आहे. लोणंद ते तरडगाव मात्र जेमतेम आठ, आणि शेवटचा वाखरी ते पंढरपूर सहाच्या आसपास. मी हे आकडे प्रथमच एका रांगेत पाहिले आणि वारकऱ्यांच्या वेळापत्रकामागचा विचार उमगला. सर्वांत छोट्या टप्प्यांपैकी एकात, तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ, पहिले उभे रिंगण होते. चालणे कमी ठेवले आहे ते त्या सोहळ्यासाठी वेळ मिळावा म्हणून, असे मला वाटते.

१९ जुलै २०२५

आज नकाशा आणि रेषा यांची जुळणी केली आणि दोन तास एका चुकीमागे घालवले. पार्श्वभूमीचा नकाशा मर्केटर प्रक्षेपात होता, रेषा मात्र साध्या अक्षांश-रेखांशांत निर्यात झाली होती. दोन्हींची रुंदी जुळवून आळंदीचा बिंदू आळंदीवर ठेवला तेव्हा पुण्यात सारे ठीक दिसत होते. सासवडला किंचित फरक वाटला, तो मी रेषेच्या जाडीवर ढकलला. फलटणला शंका आली आणि शेवटी पंढरपूरचा बिंदू शहराच्या उत्तरेला पाच-साडेपाच किलोमीटरवर जाऊन पडला. आळंदी आणि पंढरपूर यांच्या अक्षांशांत साधारण एक अंशाचा फरक आहे. तो उभ्या दिशेने पाच टक्के कमी पडला की नेमके एवढेच अंतर चुकते. दोन्ही थर एकाच प्रक्षेपात पुन्हा निर्यात केले आणि चूक गेली. रेषा सुरुवातीला जुळली म्हणजे शेवटपर्यंत जुळली असे कधीही धरू नये. जुळणी नेहमी दोन टोकांवर आणि मध्ये एका ठिकाणी तपासावी.

२१ जुलै २०२५

रेषेत साडेचार हजारांवर बिंदू होते आणि तेवढ्या बिंदूंचा मार्ग घेऊन आफ्टर इफेक्ट्स प्रत्येक फ्रेमला अडखळत होते. क्यूजीआयएसमध्ये रेषा सोपी करण्याची सोय आहे. दोनशे मीटरची सूट, म्हणजे मूळ रेषेपासून तेवढे सरकण्याची मुभा, दिली तेव्हा बिंदू दीडशेच्या आत आले आणि पूर्ण मार्गाच्या नकाशावर डोळ्यांना काहीच फरक दिसला नाही. पण दिवे घाटावर कॅमेरा जवळ नेला आणि मन खट्टू झाले. घाटातील सगळी वळणे नाहीशी झाली होती. ज्या चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात आणि जेथे वळणावळणाने पताकांची रांग वर चढताना दिसते, तो घाट या नकाशात पट्टीने ओढलेला उतार होऊन बसला.

म्हणून रेषेचे दोन नमुने केले आहेत. पूर्ण मार्गाच्या दृश्यासाठी सोपी रेषा, आणि घाटाच्या जवळच्या दृश्यासाठी वडकीपासून सासवडपर्यंतची वेगळी, दहा मीटरच्या सुटीने सोपी केलेली रेषा. दोन्हींमधला बदल कॅमेरा खाली येत असताना बारा फ्रेममध्ये विरघळवून घेतला. तो कळत नाही.

घाटाच्या दृश्यासाठी डोंगरांची उंची दाखवणारी छाया हवी होती. त्यासाठी २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीची, तीस मीटर अंतरावर एक नोंद असलेली उंचीची माहिती वापरली. प्रकाश वायव्येकडून, ४५ अंशांतून ठेवला. नकाशांत ही जुनी रीत आहे, आणि ती मोडून प्रकाश खालून टाकला तर डोळ्याला डोंगर खड्ड्यांसारखे दिसू लागतात, हे मी करून पाहिले.

२३ जुलै २०२५

आज रेषा आफ्टर इफेक्ट्समध्ये आणली. पहिल्याच वेळी रेषा पंढरपूरहून निघाली. घाटासाठी तिची फेरमांडणी करताना दिशा उलटली होती. क्यूजीआयएसमध्ये रेषेची दिशा फिरवून ती पुन्हा घेतली. दुसऱ्या वेळी अधिक विचित्र प्रकार घडला : चौदाही टप्पे एकाच क्षणी वाढू लागले, म्हणजे पालखी जणू चौदा गावांतून एकदम निघाली. टप्पे वेगवेगळ्या रेषा म्हणून राहिले होते आणि ट्रिम पाथ्स त्या सगळ्यांना एकाच वेळी कापत होते. तेथे एकामागून एक कापण्याचाही पर्याय आहे, पण त्यात थरांचा क्रम चुकला की पुन्हा गोंधळ होतो, म्हणून मी सगळे टप्पे जोडून एकच अखंड मार्ग केला.

त्यानंतर रेषेच्या टोकावर फिरणारा बिंदू बसवला. मार्गावरचा बिंदू आणि ट्रिम पाथ्स हे दोन्ही लांबीच्या टक्केवारीने चालतात, त्यामुळे एकच आकडा दोघांना दिला की बिंदू रेषेच्या टोकापासून सुटत नाही. आधीच्या एका कामात मी दोघांना वेगवेगळ्या कीफ्रेम दिल्या होत्या आणि बिंदू कधी पुढे, कधी मागे धावत असे. हा बिंदू म्हणजे रथ, असे धरले आहे. प्रत्यक्षात सोहळा रथाच्या पुढे-मागे कित्येक किलोमीटर पसरलेला असतो, म्हणून निवेदनात ‘पालखी पोहोचली’ असेच शब्द असावेत, ‘वारकरी पोहोचले’ असे नसावेत, अशी सूचना लेखकाला कळवली.

२५ जुलै २०२५

गतीचा निर्णय झाला. या सर्व कामातील हाच निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रत्येक किलोमीटरला चार फ्रेम आणि प्रत्येक रात्रीला बारा फ्रेम. आमचा माहितीपट सेकंदाला पंचवीस फ्रेमचा आहे. २५१ किलोमीटरला १००४ फ्रेम होतात आणि १९ जूनची आळंदीची रात्र धरून वाखरीपर्यंतच्या सोळा रात्रींच्या १९२, म्हणजे एकूण जवळपास ४८ सेकंद. पुणे–सासवड टप्प्याला पाच सेकंद मिळतात आणि लोणंद–तरडगावला सव्वा सेकंद. पुण्याला आणि सासवडला बिंदू दुप्पट वेळ थांबतो आणि त्या थांबण्यातून दोन रात्री काही न सांगता कळतात.

टक्केवारी मोजलेल्या लांबीवरून काढली : पुणे ११.६, सासवड २४.३ आणि याप्रमाणे पुढे. प्रत्येक मुक्कामाला एकाच मूल्याच्या दोन कीफ्रेम ठेवल्या. निघताना आणि पोहोचताना वेग हळूहळू वाढावा-कमी व्हावा म्हणून प्रथम त्यासाठीची ‘ईझी ईझ’ ही नेहमीची सोय लावली, पण त्यामुळे छोट्या टप्प्यांत बिंदू धापा टाकल्यासारखा दिसला. त्या सोयीचा प्रभाव ३३ वरून १२ टक्क्यांवर आणला तेव्हा चाल संथ आणि एकसारखी झाली.

सायंकाळी ताईंच्या ओळखीच्या, कित्येक वर्षे वारी केलेल्या एका आजींना लॅपटॉपवर हे दृश्य दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि विचारले, ‘‘माउली, नीरेला थांबला नाहीत?’’ वाल्हे आणि लोणंद यांच्यामध्ये नीरा नदीवर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पूल ओलांडून सोहळा पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. तो रात्रीचा मुक्काम नाही म्हणून माझ्या गणितात तो आलाच नव्हता. आज रात्रीच तेथे आठ फ्रेमचा थांबा दिला आणि नदीची निळी रेषा थोडी ठळक केली. आजींचे मी मनापासून आभार मानले.

२८ जुलै २०२५

गावांची नावे. आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘माळशिरस’ लिहिले तर पहिली वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन बसली आणि ‘वाल्हे’मधला जोडाक्षराचा पाय मोडला. टंक (फॉन्ट) ‘मुक्ता’ आहे आणि तो दुसऱ्या प्रणालीत अगदी व्यवस्थित दिसतो, तेव्हा दोष टंकाचा नव्हता. प्रणालीच्या पसंतीच्या यादीत (प्रेफरन्सेसमध्ये) अक्षरांसाठी दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेच्या लिप्यांची वेगळी यंत्रणा निवडावी लागते. ती निवडून नावे नव्याने लिहिली. पडद्यावर आपली लिपी मोडलेली दिसली की मला फार वाईट वाटते, म्हणून प्रत्येक नाव शंभर टक्के आकारात उघडून, अक्षर अन् अक्षर वाचून तपासले : जेजुरी, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी.

नाव दिसण्याची वेळही बदलली. आधी बिंदू गावात पोहोचल्यावर नाव उमटत असे. आता ते सहा फ्रेम आधी उमटते, म्हणजे वाचणाऱ्याची नजर पुढे जाऊन थांबते आणि बिंदू तिच्यापर्यंत चालत येतो.

३० जुलै २०२५

रंग आणि जाडी. भगवी रेषा डोंगरांच्या तपकिरी छायेवर हरवत होती. तिच्याखाली थोड्या जास्त जाडीची पांढरी रेषा ठेवली तेव्हा तिला कड मिळाली. दिवे घाटाची पुण्याकडची बाजू उजळ असल्याने तेथे मात्र ही पांढरी कड दिसेना, म्हणून तेवढ्यापुरता नकाशाचा उजळपणा कमी केला.

कॅमेरा घाटाकडे चौपट जवळ जाताना सहा पिक्सेलची रेषा चोवीस पिक्सेलची झाली आणि जी वळणे मी एवढ्या काळजीने जपली होती ती तिच्याखाली झाकली गेली. जाडीला नकाशाच्या आकारमानाने भागणारे एक साधे सूत्र लावले. आता कॅमेरा कोठेही असला तरी रेषा सहा पिक्सेलच राहते. पूर्ण दृश्य मोठ्या आकारात रेंडर करून माझ्या फोनवर पाहिले. चार पिक्सेलची रेषा हलताना लुकलुकत होती, सहाची स्थिर दिसली.

४ ऑगस्ट २०२५

ताईंनी दुसरे छोटे दृश्य मागितले आहे : देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी आणि आळंदीची पालखी, दोन्ही एकाच नकाशावर. मला वाटले होते की जुन्या रेषेशेजारी दुसरी रेषा टाकली की झाले. पण किलोमीटरनुसार चालवलेल्या दोन रेषा एकमेकींशी जुळेनात, कारण एक पालखी सासवडला थांबलेली असताना दुसरी लोणी काळभोरहून यवतला चाललेली असते. पहिल्या दृश्यात ज्या गणिताचा मला अभिमान वाटत होता ते येथे उपयोगाचे नाही.

या दृश्यासाठी काळ हाच आधार घेतला. १८ जूनच्या देहूच्या प्रस्थानापासून ५ जुलैपर्यंतचे अठरा दिवस, प्रत्येक दिवसाला ३६ फ्रेम : चोवीस चालण्याचे, बारा रात्रीचे. ‘दिवस’ नावाचा एकच सरकता आकडा ठेवला आणि दोन्ही रेषा त्या दिवशी कोठे असतील ते त्याच्याकडूनच घेतात. एकूण २६ सेकंद. २३ जूनला माउलींचा बिंदू सासवडला स्थिर असतो आणि तुकोबांचा यवतकडे सरकत राहतो. हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिले तेव्हा बराच वेळ मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होतो.

पुण्यातून हडपसरपर्यंत दोन्हींचा रस्ता एकच आहे. तेथे एक रेषा दुसरीवर चढून झाकत होती, म्हणून त्या भागात दोन्ही दहा पिक्सेल बाजूला सरकवून समांतर चालवल्या. हडपसरला एक दिवे घाटाकडे वळते आणि दुसरी सोलापूर रस्त्याने पुढे जाते. शेवटी वाखरीला त्या पुन्हा एकत्र येतात, आणि तेथून पंढरपूरपर्यंत पुन्हा तोच समांतर मांडणीचा उपाय.

१२ ऑगस्ट २०२५

दोन्ही दृश्ये अंतिम झाली. श्रेयनामावलीत ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख घातला. त्यांची माहिती विनामूल्य मिळते, पण हा उल्लेख करणे ही तिच्या परवान्याची अट आहे, आणि ज्यांनी गावोगावचे रस्ते नकाशावर आणले त्यांचे नाव घेणे हे आपले कामच आहे.

या वर्षीचे वेळापत्रक वेगळ्या तक्त्यात ठेवले आहे, कारण तिथींच्या वाढ-घटीनुसार एखाद्या वर्षी लोणंदचा किंवा फलटणचा मुक्काम एका दिवसाने वाढतो. पुढे कोणी हा नकाशा वापरला तर तक्त्यात फक्त तारखा आणि रात्री बदलाव्या लागतील, कीफ्रेम हाताने सरकवाव्या लागणार नाहीत.

एक काम बाकी आहे. पौर्णिमेच्या गोपाळकाल्यानंतर पालखी पायीच आळंदीला परत जाते, आणि आमची रेषा पंढरपूरला संपते. परतीच्या वाटेची नोंद आमच्याकडे नाही, कारण आमची तुकडी एकादशीनंतर बसने परतली. गेलेल्याच रेषेला उलटे चालवून परतीची वारी म्हणून दाखवणे मला योग्य वाटले नाही, आणि ताईंनाही ते मान्य झाले. शेवटच्या फ्रेममध्ये बिंदू पंढरपूरला थांबतो, रेषा तशीच उजळ राहते आणि परतीचा उल्लेख निवेदनात एका वाक्याने येतो. ‘परतीची वाट’ नावाचा रिकामा फोल्डर प्रकल्पात तयार करून ठेवला आहे, आणि पुढच्या वर्षी पौर्णिमेनंतरही फोनची नोंद सुरू ठेवण्याचे ध्वनिमुद्रण सहकाऱ्याने कबूल केले आहे.